पदवीधरांची उमेदवारी

पदवी परीक्षांचे निकाल लागून गुणपत्रिका हाती आल्यानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत महाविद्यालयीन अध्यापकाला ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते, त्यांचे स्वरूप अलीकडे पुष्कळच पालटले आहे. एके काळी प्रश्न एकच असे : नोकरी कोठे मिळेल? आज तो बहुधा असा येतो की, एका वित्तसंस्थेच्या कार्यालयात दरमहा अठरा हजारांची नोकरी मिळत आहे आणि दुसरीकडे एका मोठ्या कंपनीत वर्षभराची शिकाऊ उमेदवारी मिळत आहे, तेथे विद्यावेतन नऊ हजार. तर यांपैकी काय पत्करावे? विचारणारा विद्यार्थी सहसा एकटा येत नाही. बरोबर वडील किंवा थोरली बहीण असते, आणि उत्तराची निकड विद्यार्थ्यापेक्षा त्यांनाच अधिक असल्याचे चेहऱ्यावर दिसते.

सांताक्रूझसारख्या उपनगरात हा प्रश्न जितका उघडपणे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसत असेल. स्थानकाच्या पूर्वेला वाकोला ओलांडले की कलिन्याची विद्यानगरी लागते. विद्यापीठाचे बहुतेक पदव्युत्तर विभाग तेथे आहेत आणि १९७१ साली सुरू झालेले दूरशिक्षणाचे केंद्रही तेथेच. विद्यानगरीच्या दक्षिणेला वांद्रे-कुर्ला संकुलातील बँका आणि दलाली पेढ्यांच्या काचेच्या इमारती, उत्तरेला विमानतळ आणि त्यापलीकडे सीप्झ. (सीप्झच्या नावात सांताक्रूझ असले तरी १९७३ साली स्थापन झालेले हे निर्यात क्षेत्र वसले आहे ते अंधेरीत, नाव एकाचे आणि जागा दुसऱ्याची, हा प्रकार पुढे ज्या योजनांची चर्चा करावयाची आहे त्यांतही आढळेल.) पदवी देणारी संस्था आणि पदवीधराला काम देऊ शकणाऱ्या संस्था एकमेकींच्या इतक्या निकट आहेत. तथापि १६ जुलै २०२४ रोजी याच कलिना-विमानतळ परिसराने जे पाहिले ते या निकटतेवर विदारक भाष्य करणारे होते. विमानतळावरील सेवा पुरविणाऱ्या एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी मालकीच्या कंपनीने सामानाची चढउतार व तत्सम कामांसाठी २,२०० हून अधिक जागा भरण्याकरिता उमेदवारांना थेट बोलाविले होते. शिक्षणाची अट शालान्त परीक्षेची होती. प्रत्यक्षात हजारोंचा लोंढा आला, त्यात पदवीधरही होते, चेंगराचेंगरी होते की काय असे वाटू लागले, आणि अखेर अर्ज ठेवून घरी जा, असे जमलेल्यांना सांगण्यात आले.

त्या दिवशी जे रांगेत उभे होते त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न नव्हता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीच्या मानव विकास संस्थेच्या सहकार्याने २०२४ साली भारतातील रोजगारासंबंधी जो अहवाल प्रसिद्ध केला त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांमधील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. या आकड्यांवरून शिक्षणाने बेकारी वाढते असा निष्कर्ष काढण्याची घाई काही मंडळी करतात. ती चुकीची आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने करतो. पदवीधर थांबतो, कारण घरचे कोणीतरी त्याला थांबू देते. थांबण्याची ही ऐपत हाच या लेखाचा खरा विषय आहे. कारण नोकरी आणि प्रशिक्षण यांतील निवड म्हणजे किती काळ थांबता येईल याचीच निवड होय.

मराठीत ‘उमेदवार’ हा शब्द आज आपण निवडणुकीत उभा राहणाऱ्यासाठी वापरतो. मूळ फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. जुन्या कचेऱ्यांमध्ये उमेदवार म्हणजे आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर बिनपगारी दप्तर वाहणारा, नकला करणारा पोरगा. ‘अमक्या वकिलाकडे उमेदवारी केली’ हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत सर्रास ऐकू येई. त्या उमेदवारीला करार नव्हता, मुदत नव्हती आणि विद्यावेतनही नव्हते. होता तो फक्त एका माणसाचा दुसऱ्यावरचा विश्वास, आणि पुष्कळदा जात-नात्याचा वशिला. स्वातंत्र्योत्तर काळात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने या नात्याला प्रथमच कायद्याची चौकट दिली. प्रारंभी हा कायदा कारखान्यांतील कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमाचे अखेरचे कलम शिकाऊ उमेदवारीचे होते, हे आता फारसे कोणाला आठवत नाही. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या सामान्य पदवीधरांना मात्र त्याची दारे खऱ्या अर्थाने उघडली ती २०१४ च्या दुरुस्तीने. म्हणजे आज जो बी. कॉम. झालेला तरुण या प्रश्नाने गोंधळतो, त्याच्यापुढचा हा पर्यायच मुळी दहा-बारा वर्षांचा आहे. त्याच्या वडिलांना अनुभवातून काही सांगता येत नाही, यात नवल नाही.

वडिलांचा अनुभव वेगळा होता. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखांचे जाळे पसरले आणि पदवीधरांची कारकून म्हणून मोठ्या प्रमाणावर भरती होऊ लागली. परीक्षा उत्तीर्ण झालेला उमेदवार पहिल्या दिवशी खातेवहीसमोर बसे तेव्हा त्याला व्यवहारातले फारसे काहीच येत नसे. शेजारचा ज्येष्ठ कारकून त्याला शिकवी, चुका दुरुस्त करी, संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत थांबवून ठेवी. आणि हे सर्व चालू असताना त्याला पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणीतला पगार मिळे. सहा महिन्यांचा परिवीक्षेचा काळ संपला की तो कायम होई. हे प्रशिक्षणच होते. फक्त त्याला कोणी प्रशिक्षण म्हणत नसे आणि त्याचा खर्च बँक सोशी. सीप्झमध्ये सुरुवातीला आलेल्या संगणक कंपन्यांची रीतही याहून फार निराळी नव्हती. संगणकशास्त्राचे पदवीधर जवळजवळ नव्हतेच, तेव्हा गणिताचे, विज्ञानाचे, अभियांत्रिकीचे पदवीधर घ्यावयाचे आणि त्यांना हाताखाली शिकवावयाचे, याखेरीज त्यांना गत्यंतर नव्हते.

हा खर्च मालकाच्या खांद्यावरून हळूहळू उतरत गेला. १९८१ मध्ये एनआयआयटी आणि १९८६ मध्ये ॲपटेक निघाली, आणि नोकरी मिळण्यापूर्वीच स्वतःच्या पैशाने शिकून यावयाचे, ही कल्पना मध्यमवर्गात रुजली. आता ती इतकी रुळली आहे की काही बँका खासगी शिक्षणसंस्थांशी करार करून वर्षभराचे अभ्यासक्रम चालवितात, त्यांचे शुल्क काही लाखांत असते आणि ते भरण्यासाठी तीच बँक कर्जही देते. ज्या कामाचे शिक्षण पूर्वी पगारासह मिळत असे, त्याच कामाचे शिक्षण आज कर्जासह मिळते. दुसऱ्या बाजूने सरकार पुढे आले. २०१६ मधील राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकारी तिजोरीतून देण्याचे ठरविले. मालक, कुटुंब आणि करदाता या तिघांत प्रशिक्षणाच्या खर्चाची वाटणी होत आहे आणि मालकाचा वाटा घटत आहे, हे गेल्या चार दशकांचे थोडक्यात सार.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्राच्या अध्यापकाकडे तो आला आहे, तेव्हा थोडे गणित मांडणे क्रमप्राप्त आहे. नोकरीत अठरा हजार आणि उमेदवारीत नऊ हजार धरले तर वर्षभरात १,०८,००० रुपयांची तूट येते. ही तूट पुढील पाच वर्षांत भरून निघावयाची असेल तर, व्याज बाजूला ठेवूनही, साठ महिन्यांत प्रत्येकी १,८०० रुपये अधिक मिळावयास हवेत. नोकरी धरलेल्या मित्राचा पगार दरम्यान वाढून साडेएकोणीस हजार झाला असेल, तर उमेदवारी संपल्यावर आपल्या विद्यार्थ्याला पहिली नोकरी २१,३०० ची मिळाली पाहिजे. हे अशक्यप्राय नाही. उलट, चार लाख रुपये शुल्काचा वर्षभराचा अभ्यासक्रम घेतला आणि त्या वर्षाचा २,१६,००० चा बुडालेला पगार त्यात मिळविला, तर बेरीज ६,१६,००० होते. पाच वर्षांत ती वसूल होण्यासाठी दरमहा १०,००० रुपयांहून अधिक जादा मिळकत हवी. कर्जाचे व्याज निराळेच. हे दोन्ही मार्ग ‘प्रशिक्षण’ या एकाच नावाने ओळखले जातात, पण त्यांच्या किमतीत जवळजवळ सहापटींचे अंतर आहे. घरातल्या बैठकीत चर्चा होते ती संस्थेच्या नावाची आणि इमारतीची. ही बेरीज कागदावर मांडलेली क्वचितच आढळते.

गणित येथे संपत नाही, कारण जादा मिळकत होईल की नाही हे प्रशिक्षण कशाचे आहे यावर अवलंबून असते. गॅरी बेकर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. कोठेही उपयोगी पडणारे ते सामान्य. एकाच आस्थापनेत उपयोगी पडणारे ते विशिष्ट. सामान्य कौशल्य शिकलेला कामगार उद्या शेजारच्या कंपनीत जाऊ शकतो, म्हणून त्याचा खर्च मालक सहसा करणार नाही. तो शिकणाऱ्यानेच कमी वेतनाच्या रूपाने सोसावा लागतो, असा त्याचा युक्तिवाद होता. यातून एक व्यावहारिक कसोटी हाती येते. नऊ हजारांवर वर्ष काढावयाचे तर शिकविले जाणारे काम सामान्य स्वरूपाचे, म्हणजे अन्यत्र नेता येण्याजोगे असले पाहिजे. करविवरणे भरणे, लेखापरीक्षण, यंत्राची देखभाल ही कौशल्ये अशी आहेत. एखाद्या कंपनीच्या अंतर्गत संगणकप्रणालीत आठ तास आकडे भरत राहणे हे कौशल्य तसे नाही. ते शिकण्यासाठी वेतनत्याग करण्याचे कारण नाही, त्यासाठी कंपनीने पूर्ण पगार द्यावा. सनदी लेखापालांच्या आर्टिकलशिपकडे पाहावे. विद्यावेतन तुटपुंजे, काम मरमरून. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तरुण ती पत्करतात, कारण तेथे शिकलेले कोणत्याही पेढीत चालते आणि परीक्षा घेणारी संस्था मालकाहून वेगळी असते. १ जुलै २०२३ पासून ही मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली, हे योग्यच झाले.

परीक्षक वेगळा असणे ही गोष्ट मला निर्णायक वाटते. जर्मनीतील ज्या द्विस्तरीय प्रशिक्षणपद्धतीची आपल्याकडे वारंवार वाखाणणी होते, तिच्यात आठवड्यातील काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत जातात, एवढेच आपल्याला माहीत असते. तेथे अंतिम परीक्षा व्यापार-उद्योग मंडळांमार्फत होते, प्रशिक्षण देणारी कंपनी ती घेत नाही, हे मात्र आपण विसरतो. त्यामुळे प्रमाणपत्र देशभर चालते. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षणकेंद्रांत शिकविणारा, तपासणारा आणि कामावरून काढणारा एकच असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्याच्या कारणावरून घरी पाठविले. त्यांतील अनेकजण आधीच दोन वर्षे रुजू होण्याची वाट पाहत थांबले होते. कंपनीचे नियम तिच्या परीने बरोबर असतील. परंतु बाहेर पडलेल्या तरुणाच्या हाती जगाला दाखविण्याजोगे काय राहिले?

करारपत्रातील बंधनाची बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रशिक्षणानंतर अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडल्यास अमुक रक्कम भरीन, असे ‘बाँड’ कायद्यात टिकत नाहीत, असा एक समज विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा अथवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरविली. तो दावा एका अधिकाऱ्याविषयीचा होता, आणि प्रत्येक बाँडला तो निर्णय जसाच्या तसा लागू होईल असे नाही; तथापि ‘सही करून टाक, पुढचे पुढे पाहू’ हा सल्ला देणाऱ्या काकांनी यापुढे थोडे सबुरीने घ्यावे.

सरकारी योजनांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली : पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील ५०० अग्रगण्य कंपन्यांत वर्षभराचा कार्यानुभव, दरमहा ५,००० रुपये, त्यांपैकी ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. पथदर्शी टप्प्यात जे पात्रता-निकष लावले गेले त्यांनुसार आई-वडिलांपैकी कोणीही कायम सरकारी नोकरीत असल्यास मुलगा अपात्र. म्हणजे हे दैनिक वाचणाऱ्या पुष्कळ घरांचा प्रश्न परस्पर मिटला. पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांनी तरी काय केले? पहिल्या फेरीत सुमारे १.२७ लाख जागा उपलब्ध झाल्या, ८२,००० वर उमेदवारांना त्या देऊ करण्यात आल्या, २८,००० च्या आसपास तरुणांनी होकार कळविला आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते सुमारे ८,७००. दहा जणांना बोलावले आणि एक आला! जागा घरापासून दूर, मुदत वर्षभराची, आणि परगावी पाच हजारांत राहावयाचे कसे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आजचे तरुण आळशी आहेत, असा शेरा यावर काही व्यासपीठांवरून ऐकावयास मिळाला. सांताक्रूझच्या गोळीबार भागात एका खाटेचे मासिक भाडे काय आहे, याची चौकशी शेरा मारणाऱ्याने केली असती तर बरे झाले असते. ज्यांनी नाकारले त्यांनी आपल्यापरीने चोख हिशेब केला होता.

महाराष्ट्र शासनाची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना रकमेच्या बाबतीत अधिक उदार होती. बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना दरमहा १०,००० रुपये, सहा महिने. पुढे २०२५ मध्ये ही मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढविण्यात आली. मुदत का वाढवावी लागली, हे समजण्यास फार विचार नको. शासकीय कार्यालयांत, ग्रामपंचायतींत, शाळांत या मुलांना बसविण्यात आले, तेथे रिकाम्या खुर्च्या होत्याच, आणि सहा महिन्यांत ती त्या खुर्चीचे काम करू लागली. कार्यालयांना त्यांची सवय झाली. त्यांना नोकरीची आशा लागली. कायम करा, अशी मागणी घेऊन ती रस्त्यावर उतरली तेव्हा, ही नोकरी नव्हती, प्रशिक्षण होते, असे त्यांना सांगण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ते खरेच आहे. परंतु जेथे शिकविणारा नेमलेला नाही, अभ्यासक्रम ठरलेला नाही, परीक्षा नाही, आणि काम मात्र रिक्त पदाचे आहे, त्याला प्रशिक्षण म्हणणे म्हणजे अंधेरीला सांताक्रूझ म्हणण्यासारखेच आहे.

शिक्षकवाचकांना यात नवे काही वाटणार नाही. २००० साली राज्यात शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे पूर्ण वेळ शिकवावयाचे, जबाबदारी पूर्ण शिक्षकाची आणि मानधन प्राथमिक शाळेत दरमहा ३,००० रुपये. ते ६,००० व्हावयास एक तप लागले आणि १६,००० होण्यास २०२३ उजाडावे लागले. डी. एड., बी. एड. होऊन आलेल्या माणसाला पुन्हा तीन वर्षे शिकाऊ ठरविणे मला कधीच समर्थनीय वाटले नाही. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की, त्या तीन वर्षांच्या शेवटी वेतनश्रेणी होती. वाट लांब आणि खडतर असली तरी ती कोठे जाते ते ठाऊक होते. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या माझ्या तरुण व्यवसायबंधूंना तेवढेही म्हणता येत नाही.

वाट कोठे जाते हे ठाऊक नसले म्हणजे काय होते, ते मुंबईने २० मार्च २०१८ रोजी अनुभवले. रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुणांनी त्या सकाळी माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर ठाण मांडले आणि मध्य रेल्वेची वाहतूक काही तास ठप्प झाली. रेल्वेच्या भरतीत त्यांच्यासाठी २० टक्के जागा राखून ठेवलेल्या होत्या. त्यांची मागणी सरसकट सामावून घेण्याची होती. कामावर जाणाऱ्यांचे हाल झाले आणि संताप स्वाभाविक होता. तथापि त्या तरुणांची बाजूही समजून घ्यावयास हवी. ज्या कामाचे प्रशिक्षण त्यांनी घेतले ते मुख्यतः रेल्वेतच उपयोगी; बाहेरच्या बाजारात त्याला मागणी मर्यादित. बेकरच्या भाषेत, विशिष्ट कौशल्याचा खर्च त्यांनी सोसला होता आणि ते कौशल्य विकत घेणारे गिऱ्हाईक एकच होते.

कायदा याबाबत काय म्हणतो? मूळच्या बाविसाव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या १९९५ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सांगितले. हक्क मात्र मान्य केला नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर हे कलम असे आहे की, मुदत पूर्ण केलेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याविषयी प्रत्येक मालकाने आपले धोरण आखावे. हे धोरण पाहावयास मागणारा विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. ते मागावे. कंपनीने धोरण आखलेच नसेल तर तेही त्यातून कळेल. त्याचप्रमाणे उमेदवारीचा करार कायद्याखाली नोंदविलेला आहे की कंपनीच्या कोऱ्या कागदावर ‘ट्रेनी’ म्हणून सही घेतली जात आहे, याची खात्री करून घ्यावी. नोंदणी असेल तर पदवीधराला अखेरीस विभागीय शिकाऊ उमेदवारी मंडळाचे प्रमाणपत्र मिळते. पश्चिम विभागाचे हे मंडळ शीवला, चुनाभट्टीजवळ आहे, सांताक्रूझहून तासाभराच्या अंतरावर. नोंदणी नसलेला ‘ट्रेनी’ धड कामगारही नसतो आणि धड उमेदवारही नसतो. अर्थात नोंदणीकृत उमेदवारालाही कायदा कामगार मानीत नाही. भविष्यनिर्वाह निधी त्याला लागू नाही. कामावर इजा झाल्यास भरपाई मिळण्याची तरतूद तेवढी आहे.

मग सल्ला काय द्यावयाचा? ज्या घरात दुसरी मिळकत आहे, डोक्यावर पतपेढीचे कर्ज नाही आणि मुलगा वा मुलगी घरूनच ये-जा करू शकते, तेथे नोंदणीकृत, ठरावीक मुदतीची आणि अन्यत्र चालणाऱ्या कौशल्याची उमेदवारी साध्या नोकरीपेक्षा सरस आहे, असे मी निःशंकपणे सांगतो. स्टेट बँकेसारख्या संस्थेची उमेदवारी या वर्गात पूर्णपणे बसते असे मात्र नव्हे. २०२३ मध्ये तिने ६,१६० शिकाऊ उमेदवारांसाठी जाहिरात दिली, वर्षभरासाठी दरमहा १५,००० रुपये. त्याच बँकेतील नव्या लिपिकाला मुंबईत आरंभीच याच्या जवळजवळ तिप्पट मिळतात. तेथे वर्ष काढणाऱ्याने ते लिपिकाच्या परीक्षेची तयारी करीत काढावे, उमेदवारीतून खुर्ची मिळेल या भरवशावर नव्हे.

ज्या घराला पहिल्या महिन्याचा पगार हवाच आहे, त्या घरातील मुलाने अठरा हजारांची नोकरी धरावी आणि मनात कमीपणा आणू नये. नोकरी करीत शिकणे ही या शहराची जुनी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले ते याचसाठी, की दिवसा कचेरीत राबणाऱ्याला पदवी घेता यावी. कित्येक कारकून त्या वर्गांतून वकील झाले, प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. कलिन्याचे दूरशिक्षण केंद्र आणि १९८४ पासून तेथेच चाललेली गरवारे संस्था यांनी ती वाट पुढे चालू ठेवली आहे. दुर्दैवाने आजची प्रारंभीची नोकरी पूर्वीइतकी माणुसकीची राहिलेली नाही. पाच वाजता सुटणारी कचेरी दुर्मीळ झाली. रात्रपाळी, फिरती सुटी आणि विक्रीची उद्दिष्टे यांतून सकाळच्या वर्गाला वेळ उरत नाही. म्हणून नोकरी निवडतानाही पगाराच्या आकड्याबरोबर सुटण्याची वेळ विचारावी. दोन हजार कमी मिळाले आणि संध्याकाळ मोकळी राहिली, तर ते दोन हजार म्हणजे एका अर्थी शिक्षणाचे शुल्कच समजावे. मुलींच्या बाबतीत याचे महत्त्व अधिक आहे. पहिली नोकरी लागताच स्थळे पाहण्यास आरंभ होतो आणि शिक्षणाचा विषय कायमचा मागे पडतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

शासनाला मात्र या निवडीपासून हात झटकता येणार नाहीत. २०१९ च्या नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन ९,००० ठरविले. ते १२,३०० करण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने केली ती मे २०२५ मध्ये. महागाई दरमहा मोजली जाते, सरकारी नोकराचा महागाई भत्ता तिच्याशी जोडलेला असतो. विद्यावेतन तसेच जोडण्यास काय हरकत आहे? दुसरे असे की, तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन आहे. कोणत्या आस्थापनेने किती घेतले आणि त्यांतील किती जणांना पुढे नोकरी दिली, हे आकडे दरवर्षी आस्थापनेच्या नावानिशी प्रसिद्ध व्हावेत. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, करार तर संगणकावर नोंदविलेलेच असतात. आणि ज्या कार्यालयांत युवा प्रशिक्षणार्थींनी अकरा महिने काम केले, तेथे त्यांनी नेमक्या कोणत्या रिक्त पदांचे काम केले, याचीही मोजणी व्हावी. ती पदे भरावयाची आहेत की रद्द करावयाची आहेत, हे मग अर्थखात्याने विधिमंडळाच्या पटलावर स्पष्टपणे मांडावे. भरावयाची असतील तर जाहिरात निघू द्या. या मुलांना तिच्यासाठी इतरांबरोबर परीक्षेला बसता येईल, आणि पुढच्या जुलैत निकाल हाती घेऊन येणाऱ्यांनाही.